फोपनारची परत आलेली आसनं

"मॅडम, ये पढो ना जरा. काल दुपारपासून पॅनल उघडूनच नाही राहिलं."

वर्षाने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि लगेच हात मागे घेतला. मेल इंग्लिशमध्ये होता. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. पण मान वर केली की मला काहीतरी बोलावं लागणार होतं.

"काय लिहिलंय?"

"अकाउंट बंद केलंय त्यांनी."

"कितने दिन के लिए?"

"अपील मंजूर होईपर्यंत. बहात्तर तासांत अपील करायचं आहे. नामंजूर झालं तर कायमचं."

वर्षा खुर्चीच्या कडेवर बसली. मे महिना संपत आला होता, कूलर चालू होता, तरी तिने पदराने दोनदा तोंड पुसलं. मग म्हणाली, "सासूबाईंना मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

मी मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरच्या शनवारा भागात महाजन सरांच्या टॅक्स ऑफिसात काम करते. तीन वर्षं झाली. सरांचे बहुतेक क्लायंट जुने आहेत: कापडवाले, केळीचे व्यापारी, दोन-तीन मेडिकलवाले. ऑनलाइन विकणारे यायला लागले तेव्हा सरांनी ते माझ्याकडे दिले. कारण एवढंच की मी इंग्लिश मीडियमची, आणि मार्केटप्लेसचे सगळे मेल इंग्लिशमध्ये येतात. मला बोलायला फारसं जमत नाही, लिहायला जमतं. व्यवस्था दोघांनाही बरी पडली.

वर्षाचा बचत गट जवळच्या फोपनार गावचा. अकरा बायका. केळीचा घड कापला की खोड शेतात नुसतं पडून असतं. त्या खोडाचा धागा काढून या बायका पूजेची आसनं विणतात. गटाच्या प्रमुख कमलकाकू, वर्षाच्या सासू. पॅनल वर्षा बघते. पॅनल म्हणजे विक्रेत्याची स्क्रीन. ऑर्डर, रिटर्न, रिफंड, सगळं तिथे दिसतं. बऱ्हाणपुरात ही आसनं फारशी कोणी घेत नाही. पुणे, नागपूर, इंदूर, बंगळुरूला जातात. म्हणजे पॅनल बंद तर विक्री बंद. श्रावणापासून गणपतीपर्यंतचा सीझन समोर होता, आणि त्यासाठी धागा काढून झाला होता.

मेलमध्ये आरोप एका ओळीचा होता: वापरलेली वस्तू नवी म्हणून विकली. सात खरेदीदारांनी तक्रार केली होती, सातही जणांनी फोटो पाठवले होते. सातही जणांना रिफंड मिळून गेला होता.

हे इथे थोडं समजावून सांगते. ऑनलाइन खरेदी करताना आपण कधीच न पाहिलेल्या माणसाला पैसे देतो. ते धाडस व्हावं म्हणून मार्केटप्लेस हमी देतं की वस्तू सांगितल्यासारखी नसेल तर पैसे परत. याला बायर प्रोटेक्शन म्हणतात. रिफंड आधी दिला जातो, विक्रेत्याला नंतर विचारलं जातं. कधी कधी विचारलंही जात नाही. घरी मोबाइलवर खरेदी करताना मला हे फार आवडतं. ऑफिसात जरा कमी आवडतं.

सरांनी फोटो उभ्या उभ्या पाहिले. प्रत्येक आसनावर लाल डाग होता.

"झालं! लोक पूजा करतात, कुंकू सांडतात, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, वापरलेलं आलं. फुकट की पूजा. पूर्वा, लिही, बायर्स आर लाइंग."

मला सरांना लगेच उत्तर देता येत नाही. मी सातही फोटो एका पानावर लावले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"काय?"

"डाग सगळीकडे एकाच कोपऱ्यात आहे, सर."

सात घरं, सात शहरं. कुंकू प्रत्येक ठिकाणी आसनाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातच कसं सांडेल? सर वाकले. वर्षाही वाकली, आणि अगदी सहज म्हणाली, "ये तो सासूबाई लावतात."

सर पुन्हा सरळ उभे राहिले.

"काय लावतात?" सरांनी विचारलं.

"कुंकू. पॅकिंग के टाइम."

वर्षाने फोन लावून स्पीकरवर टाकला. कमलकाकूंचा आवाज खणखणीत. मागे बायकांचा गलका चालू होता.

"अवं, घरातून देवाची वस्तू बाहेर चालली, तं तिले कुंकवाचं बोट लावतो आमी. कोरी कशी धाडायची? तू पोरगी शहरातली, तुले नाई समजायचं."

"काकू, प्रत्येक आसनाला लावता?"

"परतेक. मी सोता लावते. दुसऱ्या कोनाले हात नाई लावू देत."

"किती ठिकाणी?"

"एक बोट. घराबाहेर निघताना एक बोट, बस. कोपऱ्यात. का वं? लोकाईले आवडलं नाई का?"

सरांनी खूण केली, तशी वर्षाने 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला. सर खूश होते. "केस खतम. रिवाज आहे, वापर नाही. गोड स्टोरी आहे, त्यांना अशाच आवडतात. संध्याकाळपर्यंत ड्राफ्ट कर."

अपीलला तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. चूक का झाली, ताबडतोब काय केलं, पुढे होऊ नये म्हणून काय करणार. अपील पुन्हा करता येतं असं म्हणतात. माझा अनुभव असा की पहिलं माणूस वाचतं. दुसऱ्यांदा बहुतेक छापील उत्तर येतं. म्हणून पहिलंच नीट लागतं.

मी ड्राफ्ट लिहिला. चांगला झाला. केळीचं खोड, अकरा बायका, मंगल म्हणून लावलेलं कुंकवाचं बोट, यापुढे ते न लावण्याचं आश्वासन. मग फोटो जोडायला घेतले. प्रत्येक फोटोत कुंकवाभोवती वर्तुळ काढायचं आणि खाली लिहायचं: विक्रेत्याने लावलेली शुभखूण. पहिला, दुसरा, तिसरा.

चौथ्या फोटोत एका वर्तुळात काम होईना. ठिपके दोन होते. एक गडद, एक फिकट, शेजारी शेजारी. सहाव्यातही दोन.

मी फोटो मोठा केला, लहान केला. बोट घसरलं असेल म्हणून पाहिलं. घसरलेलं नव्हतं. दोन वेळा टेकवलेलं होतं. आणि काकूंनी आधीच सांगितलं होतं: घराबाहेर निघताना एक बोट.

मग जे घरातून दोनदा निघालं, त्याला दोन.

मी ड्राफ्ट सरांना पाठवला नाही. आमच्या घरी मला सगळे चिकट म्हणतात, एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती मी सोडत नाही म्हणून. मी वर्षाला मेसेज केला: गटाने आत्तापर्यंत किती आसनं विणली, याची नोंद आहे का? तिचं उत्तर आलं: मजुरीची वही है ना. प्रत्येकीला नगावर मजुरी होती, त्यामुळे वहीत एकही आसन सुटलेलं नव्हतं. दोनशे बारा.

मग मी टॅक्स रिपोर्ट काढला. अकाउंट बंद असलं तरी रिपोर्ट निघतो. टॅक्सची सोय कोणी बंद करत नाही.

हा रिपोर्ट म्हणजे काय तेही सांगते. प्रत्येक विक्रीवर जीएसटी लागतो आणि बिल निघतं. वस्तू परत आली की ते बिल उलटं फिरवावं लागतं, त्या कागदाला क्रेडिट नोट म्हणतात. शिवाय मार्केटप्लेस स्वतःही विक्रेत्याच्या नावाने थोडा टॅक्स आधीच कापून सरकारकडे भरतं, आणि तो विक्रीतून रिटर्न वजा करून मोजतं. म्हणजे प्रत्येक जाणारी आणि प्रत्येक परत येणारी वस्तू दोन ठिकाणी लिहिली जाते. माणूस विसरतो, हा रिपोर्ट विसरत नाही.

रिपोर्टमध्ये दोनशे सव्वीस आसनं गेली होती.

विणली दोनशे बारा, गेली दोनशे सव्वीस. मी पुन्हा मोजलं. मग स्कूटीची किल्ली घेतली आणि सरांना मेसेज केला की उद्या सकाळी फोपनारला जाऊन येते, स्टॉक बघायचा आहे. सरांनी अंगठा पाठवला.

फोपनारला पोचले तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन चढलं होतं. कमलकाकूंच्या घराच्या पुढच्या खोलीत पॅकिंग चालायचं. आज काहीच चालू नव्हतं. चार बायका तरीही येऊन बसल्या होत्या. मी आत गेल्यावर त्या बोलायच्या थांबल्या.

"ये वं पोरी. पानी घे," काकू म्हणाल्या. उंच बाई, कपाळावर मोठं कुंकू. "हे अकाउंट कधी चालू होईन?"

"बघते काकू. आधी माल बघू द्या."

कोऱ्या आसनांची चळत होती: चार. शेजारी कुरियरच्या फाटलेल्या पिशव्यांवर आणखी पाच ठेवलेली.

"आणि ही?"

"वापस आलेली हायेत ती," वर्षा म्हणाली आणि दाराकडे पाहू लागली.

मी ती पाच उलगडून पाहिली. चारांवर एक ठिपका. एकावर दोन, म्हणजे ते दोनदा जाऊन दोनदा परत आलेलं.

मी तिथेच जमिनीवर बसून हिशेब केला. रिटर्न तेवीस होते. त्यातले चौदा न उघडताच आलेले. कुणी दार उघडलं नाही, कुणी नको म्हणालं. डबा तसाच सीलबंद, त्यावर नवं लेबल लावून पाठवला तर चालतं. तो माल नवाच असतो. पण नऊ वेळा डबा उघडून परत आला होता. त्या नऊपैकी इथे पडून होते पाच.

"वर्षा, बाकीची चार कुठे गेली?"

ती फाटलेल्या पिशव्या गोळा करू लागली.

"उघडलेली चार आसनं."

"मॅडम, आखाजीच्या टाइमला ना... ऑर्डर एकदम आल्या. स्टॉक नव्हता. ऑर्डर कॅन्सल केली तर रेटिंग गिरती है, तुम्हीच बोलला होता."

मीच बोलले होते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या भागातला मोठा सण. त्याच्या आधी मी तिला फोनवर सांगितलं होतं, ऑर्डर कॅन्सल करू नकोस, रेटिंग पडतं.

"मग तू परत आलेली पाठवलीस."

"तिनं नाई पाठवली," कमलकाकू म्हणाल्या. "मी पाठवली."

सगळ्या बायका आता माझ्याकडे बघत होत्या. मला एवढे डोळे सहन होत नाहीत. मी वहीत बघून बोलले.

"काकू, ती वापरलेली होती."

"वापरलेली होती, मालूम हाये मले. म्हनून तं गोमूत्र शिंपडलं. दोन दिस उन्हात टाकली. धूप दाखवला. पुन्ना कुंकवाचं बोट लावलं. शुद्ध केली तिले! कोऱ्यापेक्षा शुद्ध होती ती."

"काकू..."

"नाई, मले सांग तू. आमी काय घान इकली का? अकरा घरच्या बाया हायेत. एकादशी सोडत नाई मी. तू इंग्लिश शिकली म्हनून आमाले चोर म्हनून राह्यली?"

मी चोर म्हटलं नव्हतं. पण त्यांच्या आवाजात राग कमी होता, दुसरंच काही जास्त होतं. मला उठून जावंसं वाटलं. गेले असते तर गोड स्टोरीवाला ड्राफ्ट तयारच होता.

"काकू, हे सगळं केलं ते डब्यावर लिहिलं होतं का? की हे आसन परत आलेलं आहे, शुद्ध करून पाठवतोय?"

"नाई."

"का नाही लिहिलं?"

बाहेर केळीचा ट्रक गेला.

"लिवलं असतं," काकू म्हणाल्या, "तं कोनी घेतलं नसतं."

मग त्यांनी ते दोन ठिपक्यांचं आसन माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि बाजूला ठेवलं. मला चहा विचारला नाही. मी निघाले तेव्हा वर्षा स्कूटीपर्यंत आली.

"मॅडम, अब क्या होगा?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं.

ऑफिसात सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाचांची तक्रार खोटी, दोघांची खरी. बरोबर?"

"खोटी नाही सर. त्यांना लाल डाग दिसला. त्यांनी तेच सांगितलं."

"ठीक. पण मार्केटप्लेसने दोन ठिपके मोजलेत का? नाही. तुझ्या ड्राफ्टमध्ये एक तरी ओळ खोटी आहे? नाही. अपील में उतना ही बोलो जितना पूछा है. हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं."

"पण सर, त्यांनी विचारलंय की वापरलेली वस्तू विकली का."

"आणि तू हो म्हणणार? एकदा हो म्हटलं की अकाउंट गेलं, पूर्वा. कायमचं. त्या अकरा बायकांना तू जाऊन सांगशील? मी नाही सांगणार."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्या धंद्यात क्लायंटचं नुकसान करणारा सल्ला देणारे फार दिवस टिकत नाहीत. अपीलची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. मी ड्राफ्ट पुन्हा उघडला. मग ड्राफ्टची शेवटची ओळ त्यांना दाखवली. 'वर दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे.' तिच्याखाली सहीची जागा होती.

"ही सही कमलकाकूंची आहे सर. त्यांना इंग्लिश येत नाही. मी जे देईन त्यावर त्या सही करतील."

"मग?"

"मग त्यांना वाचून दाखवते. दोन्ही ड्राफ्ट. मराठीत. त्या म्हणतील तो पाठवू."

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. तीन वर्षांत मी त्यांच्याशी सलग एवढं बोलले नव्हते. "बोलव," ते म्हणाले. "पण जोखीम मी समजावणार. तू नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला काकू आल्या. वर्षा सोबत होती. काकू माझ्याकडे न बघता सरांसमोर बसल्या. सरांनी खरोखर नीट समजावलं. पहिला कागद पाठवला तर अकाउंट चालू होण्याची शक्यता चांगली. दुसरा पाठवला तर अर्धी-अर्धी, आणि गेलं तर पुन्हा येणार नाही. मग मी दोन्ही वाचून दाखवले. वाचताना माझा आवाज बारीक झाला, तर काकू म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

मी मोठ्याने वाचलं. दुसऱ्या कागदात होतं: उघडून परत आलेली चार आसनं आमच्या समजुतीप्रमाणे शुद्ध करून पुन्हा पाठवली. खरेदीदाराला तसं सांगितलं नाही. ही आमची चूक आहे.

"त्या दोघांत एक बाई नागपूरची होती ना?" काकूंनी विचारलं. "काय लिवलं तिनं?"

तिची तक्रार हिंदीत होती. मी वाचली. बाबूजी की बरसी के लिए मँगाया था. किसी और का बैठा हुआ आसन भेज दिया.

काकूंनी डोळे मिटले. वडिलांच्या वर्षश्राद्धाला दुसऱ्या कुणी बसलेलं आसन. गोमूत्राने ते शुद्ध होतं की नाही, यावर त्या आदल्या दिवशी माझ्याशी भांडल्या होत्या. आता त्यांनी ते शब्द काढले नाहीत.

"चारातले दोघं बोलले," त्या म्हणाल्या. "बाकीचे दोघं कोन?"

हा प्रश्न मला पडला होता, पण विचारायचा नाही असं मी ठरवलं होतं. पॅनलवर ते दिसत नाही. एवढंच माहीत होतं की ती चारही आसनं आखाजीच्या एकाच दिवशीच्या पॅकिंगमध्ये गेली. त्या दिवशी एकोणीस ऑर्डर होत्या. दोघांनी तक्रार केली. उरले सतरा.

"त्या सतराईले कळव."

"कळव म्हणजे?" सर पुढे झुकले. "काकू, ज्यांनी तक्रारच केली नाही त्यांना? सतरा जणांना आयतं आमंत्रण? सगळे रिफंड मागतील!"

"मांगू द्या. दुसऱ्याच्या आसनावर बसून कोनी पूजा करून राह्यलं असन, अन् मले मालूम हाये. मी कशी झोपू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे. काकूंनी दुसऱ्या कागदावर सही केली. कमला पाटील, देवनागरीत, सावकाश, प्रत्येक अक्षरावर रेघ देत.

अपील गेलं तेव्हा मुदतीला दीड तास उरला होता. सतरा मेसेज मी त्याच दुपारी टाकले. अकाउंट बंद असलं तरी जुन्या ऑर्डरचा रिफंड देण्याचं बटण चालू असतं. पैसे विक्रेत्याकडून जाणार असतील तर कुठलंच दार बंद नसतं. सरांनी कुरकुरत एक काम सांगितलं, या रिफंडच्या क्रेडिट नोटा वेगळ्या काढ. माल परत आला नाही तरी तो सदोष निघाला असेल तर क्रेडिट नोट काढता येते. निदान त्या विक्रीवरचा टॅक्स तरी अंगावर पडत नाही.

चौथ्या दिवशी मार्केटप्लेसचं उत्तर आलं. नामंजूर नव्हतं, मंजूरही नव्हतं. आणखी पुरावे मागितले होते. मजुरीच्या वहीचे फोटो, परत आलेल्या मालाच्या वेगळ्या कपाटाचा फोटो. कपाट नव्हतं. काकूंनी घरातलं धान्याचं लोखंडी कपाट रिकामं केलं आणि वर्षाने त्याचा फोटो पाठवला. मागे ज्वारीची पोती दिसत होती. मी फोटो कापून लहान केला.

त्यानंतर पाच दिवस काहीच नाही. वर्षा रोज सकाळी एक प्रश्नचिन्ह पाठवायची. मी रोज 'नाही' लिहायची. गटातल्या दोन बायका केळीच्या कामाला लागल्या, असं तिने तिसऱ्या दिवशी कळवलं. सर मला काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा चहा मागवताना मात्र माझा विसरले.

दहाव्या दिवशी अकाउंट चालू झालं. मेल दोन ओळींचा होता. अपीलमधलं काय पटलं, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. आसनाचं लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, मात्र काढून टाकलं होतं. ते नव्या तपासणीनंतर पुन्हा लावता आलं तोपर्यंत श्रावण अर्धा झाला होता. तेवढी विक्री गेली ती गेली. काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "त्या सतराईचं काय झालं?"

सतरापैकी सात जणांनी उत्तर दिलं. एकीने लिहिलं, कुंकू पाहून बरं वाटलं होतं. तिघांनी लिहिलं, सगळं ठीक आहे. आणि तिघांनी दोन ठिपक्यांचे फोटो पाठवले.

सरांनी ते तीन फोटो बघितले. "उरली होती दोन. आली तीन. आता सांग, यातला खोटा कोण?"

मी फोटो मोठे केले, लहान केले. एकाचा दुसरा ठिपका जरा जास्तच गुलाबी वाटत होता. पण ते मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळेही असेल. सांगता येईना. तिघांनाही रिफंड दिला.

"मेसेजमध्ये काय लिहिलं होतंस?" सरांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं: आसनावर दोन ठिपके असतील तर फोटो पाठवा, पूर्ण रिफंड मिळेल.

सर हसले नाहीत. म्हणाले, "खरं बोललीस, चांगलं केलंस. पण फोटो आधी मागायचा होता. खूण नंतर सांगायची."

आता आमच्या ऑफिसात त्याच क्रमाने मेसेज जातो.